एक्केचाळिसावी हजेरी

त्या रविवारची आठवण निघाली की आजही माझा हात आधी कमरेला जातो. तिथे आता वॉकीटॉकी नसते, चष्म्याचा डबा असतो. तरी आवाज चढतो आणि सौभाग्यवती आतून विचारतात, "परत धबधब्यावर गेलासा काय?" नोकरीत चोऱ्या पाहिल्या, खून पाहिले, दंगलीत डोक्याला टाके पडले. पण अवघ्या दोन तासांत माणसाला एवढं वर-खाली करणारं दुसरं प्रकरण माझ्या वाट्याला आलं नाही. नावं कुणाची देणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून निपाणीत रोज कामाला जातात, आणि त्यांच्या घरी वाचणारी मुलं आहेत.

तेव्हा मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, गुंजीच्या पुढच्या जंगलपट्ट्यातल्या एका स्टेशनला सबइन्स्पेक्टर होतो. वर्षातले आठ महिने तिथे बांधावरची भांडणं आणि हरवलेली जनावरं यापलीकडे काही नसतं. आषाढ लागला की मात्र बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडून गाड्यांची रीघ लागते. आमच्या हद्दीत एक धबधबा होता. तिथे दर रविवारी मी दोन शिपाई ठेवायचो. एक शिट्टी, एक दोरखंड आणि कन्नड-मराठीत रंगवलेला 'पुढे जाऊ नये' असा फलक, एवढाच आमचा बंदोबस्त. लोक त्याच फलकाला धरून फोटो काढायचे आणि मग पुढे जायचे. घरी जिन्यावरून उतरताना कठड्याला धरणारा माणूस तिथे शेवाळलेल्या खडकावर एका पायावर उभा राहतो. सहलीला निघताना लोक अक्कल घरी कुलपात ठेवून येतात, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

दुपारी पाऊण वाजता स्टेशनचा फोन वाजला. जंगल खात्याच्या नाक्यावर एक आक्का चहाची टपरी चालवायची. धबधब्यापाशी मोबाईलला रेंज नसते. ती मिळते नाक्याजवळच्या चढावर, त्यामुळे खालची प्रत्येक बातमी आधी या आक्काकडे यायची.

"साहेब, निपाणीच्या बसमधला एक माणूस पाण्यात गेला म्हणत्यात."

"कुणी बघितलं?"

"ते मला काय म्हाईत? वरडाय लागल्यात समदी. तुमी या लवकर."

स्टेशन डायरीत वेळ टाकली, दोरखंड आणि हवा भरलेल्या दोन ट्यूबा जीपमध्ये टाकल्या आणि दफेदारांना घेऊन निघालो. दफेदार म्हणजे आमच्याकडचे हेड कॉन्स्टेबल. हे गृहस्थ धारवाडकडचे, मराठी उत्तम समजायचे, पण घाबरले की कन्नडमध्येच बोलायचे. त्या दिवशी ते सगळा रस्ता कन्नडमध्ये बोलत होते.

धबधब्यावर पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. आदल्या रात्रभर पडलेल्या पावसाने डोह गढूळ झाला होता आणि पाण्याचा आवाज इतका, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. काठावर चाळीसएक बायका-पुरुष भिजत उभे. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतली ही कामगार मंडळी. दरवर्षी पावसाळ्यात वखार दोन-तीन दिवस बंद ठेवतात, त्या सुट्टीत मालक सगळ्यांना बसने सहलीला पाठवतो, अशी तिथली जुनी रीत. त्यांचा मुकादम पुढे आला. पन्नाशीचा, भरगच्च मिशांचा माणूस, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हजेरी वही होती.

"साहेब, एक्केचाळीस मंडळी मोजून आणलतो. जेवाय बसताना चाळीसच भरत्यात. आमचा एक हमाल घावंना झालाय."

"शेवटचा कुणी बघितला?"

एकदम दहा माणसं बोलायला लागली. तो डोहात उतरला होता. नाही, वरच्या खडकावर उभा होता. पाय घसरला. हात वर केला होता. खडकाच्या कडेला एक चपलांचा जोड होता, तो मुकादमाने उचलून आणला. "ह्या त्येच्याच," असं चौघांनी सांगितलं. एक बाई तर हुंदके देत म्हणाली की तिने त्याची हाक ऐकली.

आता मी कबूल करायची गोष्ट. चपला समोर होत्या, साक्षीदार होते, डोह भरलेला होता. मी घाई केली. एका शिपायाला मोटारसायकलवरून नाक्यावर पिटाळलं आणि वायरलेसने बेळगाव कंट्रोलमार्फत निपाणी स्टेशनला निरोप द्यायला सांगितलं, की अमुक पत्त्याचा इसम धबधब्यात वाहून गेला आहे, शोध चालू आहे, घरच्यांना कळवा. हे सगळं नियमाला धरून होतं, म्हणून त्या वेळी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

जवळच्या गावातले तीन पट्टीचे पोहणारे आले होते. त्यांच्या कमरेला दोरखंड बांधून त्यांना डोहात सोडलं. पहिल्या बुडीला काही नाही. दुसऱ्या बुडीला त्यांच्यातला एक जण भोवऱ्यात सापडला आणि दोर एकदम ताणला. मी, दफेदार, बसचा ड्रायव्हर, आणखी पाच-सहा जण दोराला लोंबकळलो. माझे बूट चिखलात रुतले, तळहाताची सालं निघाली. खोटं नाही सांगत, तेवढ्या वेळात त्या माणसाची बायको-पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली. तो बाहेर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "साहेब, आत कोण न्हाई. असता तर ह्या कपारीत घावला असता. हितलं पाणी मला म्हाईत हाय."

त्याचं ते बोलणं ऐकलं आणि माझं डोकं चालायला लागलं. जिवंत माणूस जाता जाता राहिला होता, आणि तो ज्याच्यासाठी गेला असता तो तिथे होता तरी का?

मी साक्षीदारांना एकमेकांपासून लांब उभं केलं आणि एकेकाला एकच प्रश्न विचारला. "त्याच्या अंगात शर्ट कुठला होता?" एक म्हणाला निळा, दुसरा म्हणाला पांढरा, तिसऱ्याने चौकड्यांचा सांगितला. हाक ऐकलेल्या बाईला विचारलं, "या पाण्याच्या आवाजात आत्ता मी काय म्हणालो ते तरी ऐकू आलं का?" ही माणसं खोटारडी नव्हती. गर्दीत एकाने ऐकलेलं दुसऱ्याला पाहिलेलं वाटायला लागतं, हे मी शंभर पंचनाम्यांत अनुभवलंय. चपला उलट्या करून पाहिल्या. नव्याकोऱ्या, तळाला बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. वखारीत पोती वाहणारा निपाणीचा हमाल पावसात घसरड्या जागी नवीकोरी चप्पल घालून येईल, हे मनाला पटेना.

"सकाळी नाष्टा कुठं केलात?" मी मुकादमाला विचारलं.

"काकतीजवळ, हायवेला."

"त्याच्या शेजारी कोण बसलं होतं?"

मुकादमाने मंडळींकडे पाहिलं, मंडळींनी एकमेकांकडे. प्रत्येकाला तो दुसऱ्या कुणाबरोबर तरी होता असं वाटत होतं. मी ओरडलोच, "सगळे बसमध्ये चढा! सकाळी जिथं बसला होता तिथंच बसा. जागा बदलायची नाही."

भिजलेली चाळीस माणसं धावत बसमध्ये शिरली. मी मधल्या वाटेने मागे चालत गेलो. सगळ्या सीट भरल्या होत्या. शेवटच्या रांगेत खिडकीशी एकच जागा माणसाविना होती आणि तिच्यावर जेवणाचं भलंमोठं पातेलं ठेवलेलं होतं, खाली सरकू नये म्हणून सीटला दोरीने बांधून.

"हे पातेलं इथं कधी ठेवलं?"

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, निपाणीत सुटतानाच बांधलंय की. सकाळधरनं हितंच हाय."

"मग तो बसला कुठं?"

बाहेर धबधबा गर्जत होता आणि आत चाळीस माणसं त्या पातेल्याकडे बघत होती. मी मुकादमाच्या हातातून हजेरी वही घेतली. पानावर एक्केचाळीस नावं, प्रत्येकापुढे हजर असल्याची ठळक टिकली.

"ही हजेरी तुम्ही कशी घेतलीत?"

"दारात उभा ऱ्हाऊन नाव पुकारलो. हाय म्हटलं की टिकली मारलो. पाऊस हुता साहेब, वर बघितलो न्हाई."

"याच्या नावाला हाय कोण म्हणालं?"

पोलिसाच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो. अशा प्रश्नानंतर सगळे इकडेतिकडे बघतात. ज्याला उत्तर माहीत असतं तो स्वतःच्या हाताकडे बघतो. पातेल्याच्या शेजारच्या सीटवर चाळिशीचा एक हमाल बसला होता, बारीक अंगाचा. तो मांडीवरच्या हातांकडे बघत होता. हातात रबर लावलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात दोन मोबाईल.

मी पिशवी घेतली. एका मोबाईलवर बोट ठेवताच पडद्यावर एका बाईचा फोटो आला. मागून कुणीतरी म्हणालं, "ही तर त्येचीच बायकू."

"बुडालेल्या माणसाचा मोबाईल तुझ्याकडे कोरडा कसा?"

त्याचा बांध फुटला. "साहेब, त्यो आलाच न्हाई! त्येला बस लागतीया. गेल्या साली संकेश्वर यायच्या आत तीनदा ओकला, सगळ्यांनी लई चेष्टा केली. म्हणाला, माझं नाव आलं की तू हाय म्हण. माझा मोबाईल ने, धबधब्याचं चार फोटू काढून आण, घरात दावाय हुतील. बायकूला सांगितलं न्हाय त्येनं, ती खुळ्यात काढील म्हणून."

"मग इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस? माणूस मरत होता माझा डोहात!"

"भ्यालो साहेब. खोटी हजेरी दिली म्हणून दोघांचंबी काम जाईल. वाटलं, ह्यास्नी न्हाई घावला की थांबतील, मग सांगू."

संतापाने माझा हात शिवशिवला. पण त्याच क्षणी जीवही भांड्यात पडला होता. माणूस बुडालेला नव्हता! बसमध्ये कुणी हसलं, कुणी रडलं, कुणी त्या हमालाला शिव्या घातल्या. दफेदार तर मराठीत बोलायला लागले. मी हसतच विचारलं, "मग आहे कुठं तो बहाद्दर?"

"वखारीत. पोटमाळ्यावर रिकाम्या गोणपाटावर झोपलाय. आठवडाभर जादा काम झालंय त्येला. मागच्या दाराची कडी त्येला उघडाय येती."

मी मान वळवली ती मुकादमाच्या चेहऱ्यामुळे. हसण्याच्या त्या गलक्यात एकटा तो बसच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "औषध."

"कसलं औषध?"

"वखारीत आज औषध घालाय लागल्यात. उद्या घालायचं हुतं. त्यांची माणसं उद्या दुसरीकडं जाणार म्हणून आजच येतो म्हणाली. काकतीला नाष्टा करतेवेळी मालकांचा फोन आलता. सगळी मंडळी भाईर हायत न्हवं, म्हणून इचारलं. मी वही बघितली आन म्हणालो, व्हय, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माझ्याबरोबर हायत."

मी निपाणीत अडीच वर्षं नोकरी केली होती, म्हणून मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पावसाळ्यात साठवलेल्या तंबाखूला बारीक किडा लागतो. तो मारायला थप्प्यांवर जाड प्लॅस्टिक पांघरतात, आत गोळ्या ठेवतात, दारा-खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवतात आणि बाहेर कवटीचं चित्र लावून कुलूप घालतात. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. एकदम सुटत नाही, तासा-दोन तासांत वाढत जातो. औषध घालणारी माणसं आत कुणी आहे का विचारतात. या खेपेला त्यांना उत्तर मिळालं होतं, आणि ते एका वहीतल्या टिकलीवरून दिलेलं होतं.

"किती वाजता सुरू करणार होते?"

"अकराला म्हणालते. थोडं फुडं-मागं."

घड्याळात दोनला पाच कमी होते. मी शिपायाला ओरडून सांगितलं, "डोहातल्या सगळ्यांना बाहेर काढ, आता कुणीही पाण्यात उतरायचं नाही!" आणि मुकादम आणि त्या हमालाला जीपमध्ये कोंबलं. जीपच्या ड्रायव्हरने ती अशी सोडली की वळणावर दफेदार माझ्या मांडीवर येऊन बसले. मी वायरलेसचा सेट तोंडाशी धरून सारखा हाका मारत होतो. नुसती खरखर. दरीत रेंज नव्हती. चढावरच्या दुसऱ्या वळणावर एकदाचा आवाज आला, "कंट्रोल, बोला."

"निपाणी स्टेशनला जोडा! जीव वाचवायचाय! बाकी सगळे चॅनल सोडा!"

निपाणी स्टेशनला त्या दिवशी ड्युटीवर एक महिला एएसआय होत्या. मी त्यांना वखारीचा पत्ता, पोटमाळा आणि औषध असं तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी एकही उलट प्रश्न केला नाही. "निघाले साहेब," म्हणाल्या आणि सेट चालू ठेवूनच पळाल्या. आम्ही नाक्यावर जीप थांबवली, कारण आणखी पुढे गेलो असतो तर रेंज तुटली असती. इथून निपाणी शंभर किलोमीटरच्या वर. हातात एक सेट, आणि करण्यासारखं काही नाही. टपरीवाल्या आक्काने न विचारता चहा आणून ठेवला. तो तसाच निवला.

दहा मिनिटांनी सेट बोलला. "साहेब, वखारीला पोचलो. कुलूप आहे, फटींना कागद आहे. वॉचमन म्हणतो, औषधवाले दीडला काम संपवून गेले. आमचे शिपाई कुलूप तोडून आत शिरतायत."

"थांबवा त्यांना!" मी इतक्या जोरात ओरडलो की आक्काच्या हातची किटली पडली. "मास्कशिवाय एकानेही आत पाऊल टाकायचं नाही. औषधवाल्यांना शोधा. त्यांच्याकडे मास्क असतात."

"साहेब, आत माणूस आहे."

"म्हणूनच सांगतोय. तुमचा शिपाई आत पडला तर मग दोघांना काढावं लागेल. दार उघडून ठेवा, लोकांना लांब करा, आणि मास्क आणा."

नोकरीतला तो सर्वांत अवघड हुकूम होता. निपाणीत असताना एक विहीर साफ करताना काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. एक उतरला तो वर येईना, म्हणून दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. त्या तिघांचे पंचनामे माझ्या हातचे. तरीसुद्धा, वखारीच्या दारात माणसं उभी आहेत, आत एक जण विष ओढतोय आणि मीच त्यांना थांबवून धरलंय, हे मला विसरता येईना. चुकलो असतो तर जन्मभर झोपलो नसतो.

सेटमधून लोकांचा गलका येत होता. त्यात एका बाईचा टाहो स्पष्ट ऐकू येत होता. मी विचारलं, "कोण रडतंय?" उत्तर आलं नाही.

तेवढ्यात शेजारी उभा असलेला तो बारीक हमाल माझ्या सेटवर झडपच घालायला आला. "साहेब, त्यास्नी आतनं जाऊ नका म्हणा! आतनं लई येळ लागंल, थप्प्या हायत. मागच्या गल्लीतनं शिडी लावाय सांगा. त्यो उजव्या कोपऱ्यात झोपतोय, कौलाच्या बुडाला. वरची कौलं काढली की हात लागंल!"

मी सेट त्याच्या तोंडाशी धरला. पोलिसाचा वायरलेस नागरिकाच्या हाती देणं नियमात बसत नाही, पण त्या वेळी नियम आठवायला सवड नव्हती. तो त्या एएसआय बाईंना सांगत गेला, कुठल्या भिंतीला शिडी, कौलांची कितवी ओळ, कुठलं लाकूड कुजलंय आणि कुठे पाय देऊ नये. तिकडून आवाज आला, "औषधवाले सापडले, पलीकडच्या हॉटेलात जेवत होते. मास्क लावून वर चढतायत."

मग नुसती खरखर. दफेदार देवाचं नाव घेत होते. मुकादम चिखलातच बसला होता. मी घड्याळाकडे बघत होतो आणि काटा हलत नव्हता.

"साहेब! कौलं काढली! हात दिसला!" बाईंचा आवाज चिरकला. "हात हलतोय साहेब! डोकं बाहेर आलं! जिवंत आहे, जिवंत आहे!"

त्या नाक्यावर जे झालं ते मी डायरीत लिहिलं नाही. दफेदारांनी त्या बारीक हमालाला उचलून गरकन फिरवलं. आक्का टाळ्या वाजवत नाचली. मी, गणवेशातला सबइन्स्पेक्टर, टपरीच्या बाकड्यावर बसून हमसून हमसून रडलो आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

पुढचं कागदोपत्री काम निपाणी स्टेशनने केलं. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला, जबाब झाले, प्रकरण न्यायालयात गेलं. बाहेर काढलेल्या हमालाला खूप उलट्या झाल्या, डोकं दुखत होतं, चार दिवस दवाखान्यात देखरेखीखाली ठेवावं लागलं. तो पोटमाळ्यावर होता, वायू आधी खालच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडला होता, आणि कौलांच्या फटीतून थोडा वारा येत होता, म्हणून निभावलं असं डॉक्टर म्हणाले. आणखी दोन तास गेले असते तर ते काही सांगू शकत नव्हते. आणि त्या चपला? बेळगावचा एक कॉलेजकुमार संध्याकाळी त्या मागायला स्टेशनात आला, अनवाणी.

निवृत्तीनंतर आता मला कारखाने, गुऱ्हाळं, वखारी असं कुठे कुठे बोलायला बोलावतात. मालकही समोर असतात, कामगारही. मी सांगतो, नाव पुकारून हजेरी घेऊ नका, डोकी मोजा, चेहरा बघा. वखार बंद करताना वहीवर विसंबू नका, स्वतः वर चढून कोपरे बघा. कामाचा दिवस किंवा वेळ बदलली तर ती शेवटच्या हमालापर्यंत पोचली पाहिजे, मुकादमापाशी थांबली तर ती पोचली नाही. कुणाला बस लागत असेल तर त्याची चेष्टा करू नका, त्याला राजरोस घरी राहू द्या. लोक टाळ्या वाजवतात, चहा होतो, आणि मी परत येतो.

एक गोष्ट मात्र मी तिथे सांगत नाही. ती आज लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. हमाल उशाला टेकून बसला होता. मला बघून ओशाळला आणि म्हणाला, "साहेब, झोपेत मला हिचं रडणं ऐकाय येत हुतं. वाटलं, घरातच हाय मी." त्याची बायको स्टुलावर बसली होती. ती उठली नाही. मोबाईलवर पाहिलेला चेहरा तोच, पण एका रात्रीत दहा वर्षांनी थकलेला.

माझ्या निरोपावरून निपाणी स्टेशनचा शिपाई तिच्या दारात गेला होता आणि तुमचा माणूस धबधब्यात वाहून गेला म्हणून सांगून आला होता. मालक गाडी देईल, निदान माती तरी बघायला मिळेल, म्हणून ती धावत वखारीवर गेली. वखारीला कुलूप होतं. ती त्या बंद दाराच्या पायरीवर बसून रडत होती आणि तो तिच्या डोक्यावर, आत झोपला होता. सेटवर मी ऐकलेला टाहो तो होता.

मी म्हणालो, "बाई, तुमचा माणूस वाचला. फार मोठी गोष्ट झाली."

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मेला म्हणून सांगाय अर्ध्या तासात आलासा साहेब. जित्ता हाय म्हणून सांगाय कोण आलं न्हाई. ते मी कौलाखाली उभी ऱ्हाऊन बघितलं."

मी टोपी काढली आणि तिची माफी मागितली. ती नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट करत राहिली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या स्टेशनातून मरणाचा एकही निरोप मी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय जाऊ दिला नाही, आणि जेव्हा द्यायची वेळ आली तेव्हा त्या दारात मी स्वतः गेलो.